जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव

पेठ रस्त्यावरच्या पाड्यांकडे जाणारी गाडी सीबीएस बसस्थानकावरून चार वाजून दहा मिनिटांनी सुटते.

एका वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र. दोन वर्षांनंतर पदविका. तीन वर्षांनंतर पदवी. चार वर्षांनंतर ऑनर्स. प्रत्येक टप्प्यावर दार आहे, असं माहितीपुस्तिकेत छापलं आहे. दाराचं चित्रही आहे.

नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, सात जाती. त्यातल्या दोन आता फक्त सरुबाई गावितांच्या घरात, राखेत घोळून मडक्यात ठेवलेल्या.

नेमणूक अकरा महिने. मग एक दिवस खंड. मग पुन्हा अकरा महिने.

खिडकीवरची सूचना: स्वच्छतागृहाची चावी ग्रंथालयात मिळेल.

अक्काबाईंनी ओझरहून मुलाला फोन करून विचारलं, "पेढे आणू का थांबू?"

एकशेतीस.

"एकशेतीसच दाखवतंय भूषणभाई," ओवेस म्हणाला. "तीनदा उघडून बघितलं. गावित यमुना सोमा. बाकी सगळ्यांचे एकशेबत्तीस, हिचेच दोन कमी. कुठे फेल तर नाही ना?"

"फेल? वर्गात दुसरी आहे ती."

बुद्धभूषण पगारेने खुर्ची ओवेसच्या टेबलाजवळ ओढली. कार्यालयाची बाहेर उघडणारी एकमेव खिडकी कपाटांच्या मागे गेल्याला सहा वर्षं झाली होती. उरली ती विद्यार्थ्यांसाठीची, गज लावलेली, वाकून बोलायची. ओवेस कॉम्प्युटरवरचं बघायचा आणि पगारे कागदावरचं. ओवेस मालेगावचा, चार वर्षांपासून इथे. पगारे चौदा वर्षांपासून, आणि अजून तात्पुरता.

तीन वर्षांत एकशेबत्तीस क्रेडिट झाले की पदवी. शिवाय सरासरी साडेसातच्या वर असेल तर चौथं वर्ष, संशोधनासह ऑनर्स. यमुनाची सरासरी आठ पूर्णांक एक होती. वनस्पतिशास्त्र विभागाने तिचा विषयसुद्धा ठरवून टाकला होता: तिच्या गावच्या नागलीच्या जाती. आज संध्याकाळी पाचपर्यंत नाव विद्यापीठाकडे गेलं की झालं.

"हे बघा, सापडलं," ओवेस म्हणाला. "पहिलं सत्र. ओपन इलेक्टिव्ह, रोपवाटिका व्यवस्थापन. ग्रेड ओ. शेरा, त्याच विद्याशाखेतील विषय, क्रेडिट ग्राह्य नाही."

"ओ म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड."

"हां, तेच तर. टॉप ग्रेड, आणि मोजायचीच नाही. सायन्सच्या पोरीने ओपन इलेक्टिव्ह कॉमर्समधून नाहीतर आर्ट्समधून घ्यायला पाहिजे होतं ना. हिने सायन्समधूनच घेतलं. हिला कोणी सांगितलं काय माहीत."

पगारेने उठून पहिल्या वर्षाचा गठ्ठा काढला. फॉर्मवर 'वैयक्तिक अर्थनियोजन, वेळ ४.००' हे खोडलेलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'रोपवाटिका व्यवस्थापन, वेळ १२.००'. अक्षर गोल, शिरोरेघ लांब ओढलेली.

"तुमचंच अक्षर वाटतंय," ओवेस हळू म्हणाला.

"माझंच आहे."

"अक्षर कोणाचं पण असो. सही तिची आहे ना खाली? मग बास."

पगारेला तो दिवस आठवला. नवीन धोरणाचं पहिलं वर्ष, कुणालाच काही कळत नव्हतं, प्राध्यापकसुद्धा खिडकीशी येऊन विचारून जायचे. गजांपलीकडे एक मुलगी वाकून उभी होती. सर, हा तास चारला आहे. माझी गाडी चार-दहाची. पुढची सहाला असते, पण ती फाट्यापर्यंतच जाते. फाट्यापासून पाच किलोमीटर चालायचं. तिचं म्हणणं तक्रारीचं नव्हतं, ती फक्त आकडे सांगत होती. त्याने वेळापत्रक बघितलं आणि म्हणाला, हे घे, बाराचं आहे. ते पण दोन क्रेडिट, हे पण दोन क्रेडिट. तिने फॉर्म आत सरकवला. त्याने स्वतःच्या पेनाने खोडून लिहून दिलं. मागे रांग होती.

विद्यापीठाचा क्रेडिट-कमतरता फॉर्म, रकाना सहा. कमतरतेचे कारण: (अ) विद्यार्थ्याची स्वेच्छा निवड (ब) महाविद्यालयाची चूक. लागू नसेल ते खोडावे.

"बसा पगारे," प्राचार्या कुलथे मॅडम म्हणाल्या. चौदा वर्षांत त्या खुर्चीवर तो दोनदा बसला असेल.

"'अ' केलं तर तिने पुढच्या वर्षी तो विषय पुन्हा करायचा, तोवर पदवी थांबेल. 'ब' केलं तर विद्यापीठ दोन क्रेडिट माफ करतं. बरोबर?"

"हो मॅडम. पण 'ब' केलं की सात आणि आठ भरावे लागतात. चूक कुणाची आणि कारवाई काय."

"तेच म्हणतेय. परिपत्रकात स्पष्ट आहे ना, दुसऱ्या शाखेतूनच घ्यायचं म्हणून?"

"स्पष्ट आहे. मीच फलकावर लावलं होतं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पंचवीस तारखेला संस्थेच्या बैठकीत तुमची फाईल आहे. कायम करायची. चौदा वर्षांनी जागा मंजूर झालीय. शिफारस मी लिहिलीय, एकही तक्रार नाही, एकही चूक नाही, असं. आता सातव्या रकान्यात तुमचं नाव आलं तर ते वाक्य मी कुठे ठेवू?"

"खरं आहे मॅडम."

"हुशार मुलगी आहे. एक वर्ष थांबली तर काय बिघडतं? ही मुलं तुमचं ऐकतात. स्वेच्छेने निवडला, अशी सही घ्या. सगळ्यांच्या दृष्टीने बरं."

बाहेर व्हरांड्यात त्याचा फोन वाजला. आईच होती.

"मघाशी तू कायच बोलला नाय. मी म्हनलं आधीच आनून ठेवावं, वेळेवर मिळत नाय दुकानात."

"आई, पंचवीसला आहे ते. आज दोन तारीख."

"मंग मी काय चुकीचं बोलले? दरसाली एक दिवस तुला घरी बसवतेत. शेजारीन विचारती, काढलं का गं पोराला. त्या दिवशी पन जातोच तू. मस्टरवर सही नसती तरी जातो."

"काम असतं."

"काम असतं," अक्काबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

तो स्वतः बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडला होता. वडील गेले तेव्हा. त्या काळी मधे बाहेर पडणाऱ्याला पदविका नव्हती, काहीच नव्हतं. पुढे दरवर्षी जूनमध्ये तो खिडकीत बसून मुलांना समजावून सांगायचा: इथे थांबलं तर हे मिळतं, तिथे थांबलं तर ते.

रकाना सहा (अ) साठी जोडपत्र: मी, खाली सही करणार, स्वेच्छेने

त्याने दोघींना आत बोलावलं. यमुनाला त्याने तीन वर्षं गजांतून, वाकलेलंच पाहिलं होतं. उभी राहिल्यावर ती त्याच्याइतकी उंच निघाली. मागे तिची आई, सरुबाई, पिशवी पोटाशी धरून. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"सर, होस्टेलवाल्यांनी उद्यापर्यंत सांगितलंय," यमुना म्हणाली. दुसऱ्या वर्षापासून ती सरकारी वसतिगृहात राहत होती. "चौथ्या वर्षाची पावती दाखवली नाही तर खोली सोडायची. दुसऱ्या मुलीला देणार आहेत."

"खोली गेली तं घरी," सरुबाई म्हणाली. "घरी आली तं भाताची आवनी. आवनी झाली का मुकादम येतोय नावं लिहायला, निफाडकडं, द्राक्षाच्या बागा. त्याला एक बाई कमी पडतेय. मी म्हनलं थांब दादा, आमचं सर काय म्हनतात ते इचारून येऊ."

"एका वर्षाचा प्रश्न आहे," पगारे म्हणाला. मॅडमचं वाक्य त्याच्या तोंडातून जसंच्या तसं निघालं.

"तेच मुकादम म्हनतो," सरुबाई म्हणाली. "एकाच वर्साचं हाय. माझी भन गेली व्हती एका वर्सासाठी."

ओवेस कीबोर्डवरची धूळ पुसत होता.

यमुनाने टेबलावरचा कागद उचलून वाचला. ती सगळंच वाचायची. पावतीच्या मागचं बारीकसुद्धा.

"सर, स्वेच्छेने म्हणजे? हे तर तुम्ही सांगितलं होतं. गाडीसाठी."

"हो."

"मग असं का लिहिलंय?"

"तसं लिहायची पद्धत आहे," तो म्हणाला.

"बरं." तिने पेन मागितलं. "तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असेल. कुठे करू?"

"तिचं काय चुकलं का सर?" सरुबाईने विचारलं. "चुकलं आसंल तं बोला. त्या साली तुमी गाडीचं बघितलं नसतं तं ही घरीच बसली असती. तिचा बाप तर नायच म्हनत व्हता. मी सांगितलं, तिथं एक सर हायेत, ते बघतात."

यमुना टेबलावर वाकली होती. 'गावित' मधला 'ग' काढून झाला होता.

पगारेने कागदावर हात ठेवला.

"थांब," तो म्हणाला. "चुकीचा कागद दिला मी."

रकाना सात. जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव व पद

"विचार केला का नीट?" कुलथे मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. विचार करत बसलो तर पाच वाजतील."

"घरी सांगितलं?"

"नाही."

मॅडमनी फॉर्म आपल्याकडे ओढला. सातव्या रकान्यात त्याने नाव लिहूनच आणलं होतं. बुद्धभूषण रतन पगारे, कनिष्ठ लिपिक, तात्पुरत्या स्वरूपात. आठवा कोरा होता. केलेली कारवाई.

"'समज देण्यात आली' लिहू," त्या म्हणाल्या. "तेवढ्याने भागेल."

"परत पाठवतात मॅडम. मागच्या वर्षी दोन प्रकरणं परत आली, 'समज' म्हणजे कारवाई नाही म्हणून. मीच उत्तरं लिहिली होती. परत आलं तर मुदत गेली."

मॅडमनी फॉर्म त्याच्याकडे परत सरकवला. त्या म्हणाल्या, "मला सुचणार नाही. मसुदे तुम्हीच करता."

त्याने रद्दीतला एक पाठकोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्याच लिहिलं. एवढ्या वर्षांत त्याने इतरांची किती पत्रं लिहिली होती: रजा, बदली, गौरव, खुलासा. हात थांबला नाही.

*सदर कर्मचारी तात्पुरत्या स्वरूपात कार्यरत असून, चालू कराराच्या समाप्तीनंतर त्यांच्या नियुक्तीस मुदतवाढ न देण्याचा निर्णय घेण्यात आला आहे.*

मॅडमनी दोनदा वाचलं. "'घेण्यात येत आहे' करा. अजून घेतलेला नाही."

"हो. ते बरोबर." त्याने दुरुस्ती केली.

"मी बैठकीत बोलेन पगारे."

"बोला मॅडम."

त्यांनी सही केली. शिक्का त्यानेच मारला, शिक्के त्याच्याकडेच असायचे.

रकाना आठ

ओवेसने मसुदा वाचून परत केला.

"हे मी टाईप नाही करणार."

"साडेचार झालेत ओवेस."

"होऊ दे. हाथ नाही उठत माझा. तुम्हाला कोणी विचारलं होतं का, अं? पोरगी सही करत होती ना? करू द्यायची. चौदा साल खिडकीत बसून तुम्हाला एवढं पण नाही समजलं?"

"उठ मग, मला बसू दे."

ओवेस उठला. जाऊन कपाटाशी उभा राहिला, तोंड तिकडे करून. पगारे दोन बोटांनी टाईप करायचा. 'समाप्तीनंतर' हा शब्द दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा ओवेस मागे आला आणि त्याच्या खांद्यावरून हात घालून तेवढी एक कळ दाबून गेला.

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पडद्यावर उमटलं: माफी मंजूर. एकूण क्रेडिट एकशेबत्तीस. चौथ्या वर्षासाठी पात्र.

त्याने पावती छापली आणि खिडकीतून बाहेर दिली. यमुना पुन्हा गजांपलीकडे वाकली होती. तिने पावती पुढून वाचली, मागून वाचली.

"हिच्यावर सही लागते का?"

"नाही. आता थेट होस्टेलवर जा आणि दाखव. उद्यावर ठेवू नको."

"झालं का सर?" सरुबाई मागून म्हणाली.

"झालं."

"मंग मुकादमाला काय सांगू?"

"दुसरी बाई बघ म्हणावं."

सरुबाई हसली, तोंडाला पदर लावून. यमुना दोन पावलं गेली आणि परत आली.

"सर, चौथ्या वर्षाला पण ओपन इलेक्टिव्ह असतं का? असेल तर मी आधीच तुम्हाला विचारायला येईन."

"चौथ्या वर्षाला नसतं," पगारे म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली.

तिच्यामागे आणखी तिघं उभे होते. पुढच्या मुलाने पहिल्या वर्षाचा फॉर्म आत सरकवला. पगारेने तो उघडला, वेळापत्रक जवळ घेतलं आणि विचारलं, "कुठून येतोस?"

"सायखेडा."

"गाडी किती वाजताची असते?"

मुलाने सांगितलं. पगारेने पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, मग पेन मुलाच्या हातात दिलं. "तू लिही," तो म्हणाला. "मी वाचून दाखवतो."

यमुनाचा पहिल्या वर्षाचा फॉर्म अठरा जुलैचा आहे. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्याच विद्याशाखेतून घ्यावे, हे सांगणारं विद्यापीठाचं परिपत्रक कॉलेजच्या आवक नोंदवहीत त्याच वर्षी, नऊ दिवसांनी, सत्तावीस जुलैला चढलं.