काचेवरचं शेवाळ

कुठेतरी काहीतरी वाचायचं, ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला!’ म्हणायचं आणि घरादाराला चारायला सुरुवात करायची, हा प्रकार आपल्यापैकी कुणाच्या घरी घडला नाही? शोभेच्या माशांचं दुकान चालवणारे मासेवाले काका तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे.

त्यांच्या गब्दूचे, म्हणजे घरच्या लठ्ठ कुत्र्याचे, केस झडत होते. शेवाळाच्या पावडरीने कुत्र्यांची कातडी सुधारते, असं काकांनी फोनवर वाचलं आणि ते उडालेच.

“अगं, शेवाळ! टाक्यांच्या काचा खरवडून रोज मी ते मोरीत फेकतो!”

“फेकता तेच बरं करता,” काकू भांडी विसळत म्हणाल्या.

पण काका ऐकतात कसले! शेवाळ खरवडलं, गच्चीत वाळवलं, काकूंच्याच मिक्सरमध्ये दळलं. त्यावरून जे भांडण झालं ते इथे न सांगितलेलंच बरं. सकाळी बागेत कुत्री फिरवणाऱ्या मंडळींना काकांनी हिरव्यागार पुड्या वाटल्या. “संध्याकाळच्या जेवणात चमचाभर घाला, कुत्रा आरशासारखा चमकेल!” मंडळी खूश. काका त्याहून खूश.

त्यांना स्वतःला मात्र संध्याकाळपर्यंत धीर निघेना. दुपारीच त्यांनी गब्दूला पूड चारली. थोड्याच वेळात गब्दू ओकला, पुन्हा ओकला आणि पाय ताणून आडवा झाला.

काकांनी त्याला उचलून थेट थोरल्या बहिणीचा दवाखाना गाठला. ताई जनावरांची डॉक्टर. तिने सलाईन लावलं आणि विचारलं, “काय खाल्लंय यानं?”

“औषधच गं. शेवाळ. घरचं, शुद्ध.”

“घरचं? म्हणजे तुझ्या दुकानातल्या टाक्यांतलं? मासे आजारी पडले की त्याच टाक्यांत तांब्याचं औषध ओततोस ना रे? ते तांबं शेवाळात मुरतं, आणि कुत्र्याला ते विष!”

काकांचा चेहरा पडला. त्या पाण्यात हात घातलात तर धुवा, असं गिऱ्हाइकांना तेच तर बजावायचे!

“विकतची चांगली पावडर वेगळी वाढवतात, विषारी शेवाळ आणि जड धातू तपासून,” ताई थांबेना. “तीसुद्धा डॉक्टरला विचारून, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे, चिमटीपासून सुरू करायची. समुद्री शेवाळात आयोडीन असतं, थायरॉईडच्या कुत्र्याला ते बाधू शकतं. आणि तळ्यावरची हिरवी साय कधीकधी काही तासांत जीव घेते. मुळात केस का झडतात, ते बघितलंस का? अंगभर पिसवा आहेत याच्या!”

“ताई, मी बागेत सगळ्यांना वाटलीय ती पूड.”

“काय?”

“संध्याकाळच्या जेवणात घाला म्हटलंय.”

“मग उभा काय राहिलास? फोन लाव!”

“लावतो. सांगतो, पूड जरा शिळी निघाली...”

“शिळी म्हणालास तर कुणीतरी म्हणेल, थोडीशी घालून बघू. विष म्हण! तुझी लाज जाईल, नाहीतर त्यांच्या कुत्र्यांचा जीव जाईल. काय राखायचं, बोल!”

काकांनी गब्दूकडे पाहिलं आणि फोन लावला. “मासेवाला बोलतोय. मी दिलंय ते विष आहे. फेका!” कुणी हादरलं, कुणी चार शब्द सुनावले. काकांनी सगळे ऐकून घेतले. एकच फोन कुणी उचलेना. निवृत्त पोस्टमन आजोबांचा!

काका धावत सुटले. चप्पल एकीकडे, श्वास एकीकडे! आजोबांचं दार उघडंच होतं. वाडगं जमिनीवर, भातावर हिरवी पूड, आणि त्यावर त्यांच्या पांढऱ्या कुत्रीचं नाक!

“थांबा! विष आहे ते! मीच दिलंय!” काकांनी झेपच घेतली. वाडगं उपडं झालं, भात काकांच्या शर्टावर.

आजोबा बघतच राहिले. “अहो, मग दिलंत कशाला?”

“शहाणपणा करायला गेलो, आजोबा.”

“ती मघापासून नुसती हुंगतेय, तोंड लावत नाहीये. तुमच्यापेक्षा तिलाच जास्त कळतं!”

काका फरशीवर बसूनच हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

गब्दू वाचला! पुढे बागेत काकांनी आपली फजिती स्वतःच, पिसवांसकट, सगळ्यांना ऐकवली. आता कुणी काही नवं चारायला निघालं की काका आधी विचारतात, “डॉक्टरांना विचारलंत?”

मंडळी, नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. मुकं जनावर ‘हे मला बाधतंय’ असं सांगू शकत नाही. आपण देऊ ते विश्वासाने खातं. तेव्हा त्याच्या वाडग्यात काही घालण्याआधी जाणत्याला विचारू या. आणि चूक झालीच, तर ती झाकण्याआधी तिच्यामागे धावू या!