वाडीचं पहिलं वर्ष

नोव्हेंबर १९९० च्या पहिल्या आठवड्यात वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात आमच्या गाळ्यावर मालदीवची ऑर्डर आली. तीनशे गोण्या लाल कांदा. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून मी तिथे माल तपासायला लागले होते. सानपाड्याहून चालत यायचं, गोण्या उघडायच्या, वहीत आकडे लिहायचे, संध्याकाळी केसांना कांद्याचा वास घेऊन परत जायचं.

आमचे शेठ उदयसिंह यांनी सकाळी निवडणाऱ्या बायकांना गोळा करून सांगितलं, "सार्क म्हणजे सात देशांची संघटना. यंदा पहिल्यांदाच मालदीव तिचा अध्यक्ष होणार. एकवीस तारखेला बाकीच्या सहा देशांचे पुढारी त्यांच्याकडे पंगतीला. कांदा नासका निघाला तर त्यांची अब्रू जाईल आणि माझं गिऱ्हाईक."

शेठ गेल्यावर राजाबाईनं मला विचारलं, "केवढा देश हाय त्यो, नमिता?"

"सगळी बेटं एकत्र केली तरी नवी मुंबईहून लहान."

"मग त्याला म्होरक्या कुनी केला?"

"आळीपाळीनं करतात."

"म्हंजे आमच्या पुतळावानी."

सगळ्या हसल्या. पुतळाही हसली, पण हात न थांबवता.

या टोळीत साताऱ्याकडच्या सात गावांच्या एकवीस बायका होत्या. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत एका गावाची बाई मुकादमीन, असा त्यांचा नियम. सहा गावांची वर्षं झाली होती. सातवी एक वाडी, आणि त्या वाडीची टोळीत एकटी पुतळा. यंदाच्या दसऱ्यापासून मुकादमीन तीच. मुकादमीन होणाऱ्या बाईला त्या वर्षात आपल्या गावची एक नवी बाई टोळीत आणता यायची. पुतळाला धाकटी जाऊ जयमाला हिला आणायचं होतं. दीर गेल्यापासून ती वाडीत एकटीच होती. पण टोळीचा माल नापास झाला तर वर्ष तिथेच संपायचं आणि मुकादमी पुढच्या गावाकडे जायची. तसं झालं तर जयमालाला आणखी सात वर्षं थांबावं लागलं असतं.

मुकादमीन बसत नाही. ती ढिगांमधून फिरते आणि प्रत्येकीच्या पाटीतला कांदा दाबून बघते. पुतळा मात्र दसऱ्यापासून रोज सगळ्यांबरोबर खाली बसूनच निवडत होती. "वडीलधाऱ्या बायकांच्या डोक्यावर हुबं राहायचं कसं?" असं ती मला एकदा म्हणाली होती.

ऑर्डर भरायला घेतल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी मी शेवंताबाईंच्या थप्पीतली एक गोणी उघडली. शेवंताबाई म्हणजे पुतळाच्या नवऱ्याची मावशी, टोळीत सगळ्यांत जुनी. पावसाळी कांद्याची मान, म्हणजे पातीकडचं टोक, जाड आणि ओली राहिली, तर बोटीच्या उबेत तिथूनच कुजायला सुरुवात होते. मान अंगठ्यानं दाबली की कळतं. त्या गोणीत शंभरात अकरा कांदे ओल्या मानेचे निघाले. माझ्या वहीत मर्यादा तीनची होती.

नियमानं दहा गोण्या उघडायच्या. एक खराब निघाली तर चालतं, दोन निघाल्या तर सगळा माल नापास. कंटेनर दुसऱ्या दिवशी दुपारी न्हावाशेव्याला निघणार होता.

मी पुतळाजवळ जाऊन बसले आणि आकडा सांगितला. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"ठावं हाय. तीन दिस झालं, जेवायच्या सुट्टीत त्यांच्या गोन्या मीच परत निवडते. ही ऱ्हायली वाटतं."

"अजून किती राहिल्यात?"

तिनं थप्पीकडे बघितलं. "वीस तरी असतील."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. बोटांची कातडी निघाली होती.

"त्यांना का नाही सांगत?"

"नवऱ्याच्या मावशीला? तुजा माल खराब म्हनून?"

"मला आणखी नऊ उघडायच्या आहेत," मी म्हणाले. "मी चहा पिऊन येते. आल्यावर उघडीन."

परत आले तेव्हा पुतळा उभी होती. पहिल्यांदाच. पदर कमरेला खोचलेला, हातात ओल्या मानेचा एक कांदा. गाळ्यातले हात एकेक करून थांबले.

"मावशी," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, नुसता थकलेला होता. "तुमच्या वीस गोन्या फोडायच्या. समद्या मिळून परत निवडू. तुमी निवडायचं नाय. तुमी शिवायला बसा."

"मला उठवतीस?" शेवंताबाईंनी विचारलं. "लगीन होऊन आलीस तवा तुजी वटी म्या भरलीया."

"व्हय, भरलीया. तरी उठा."

शेवंताबाईंनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, ह्याला काय कळतच न्हाय. लाकूड झालाय." गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, गोण्या शिवायचा दाभण घेतला आणि पोत्यावर जाऊन बसल्या.

साडेपाचपर्यंत वीस गोण्या परत निवडून झाल्या. मी राहिलेल्या नऊ उघडल्या. शंभरात दोन, एक, दोन, शून्य, असे आकडे आले. पहिली खराब गोणी मी तशीच लिहिली. दहापैकी एक. माल पास झाला.

पुतळा खांबाला टेकून उभी होती. "बसून निवडलेलं बरं," ती म्हणाली. "हुबं ऱ्हायलं की पाय लई भरून येतात."

"जयमालाला कळवायचं?"

तिनं होकाराची मान हलवली. माझ्या पिशवीत पोस्टकार्ड होतं. वहीवर ठेवून मी लिहायला लागले. पुतळा सांगत होती, "लिव्ह, कांदा पास झाला. सोमवारच्या एस्टीनं ये."

दाभण हातात घेतल्यापासून शेवंताबाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता गोणीवरून मान वर न करता त्या माझ्याशी बोलल्या.

"फुडं लिव्ह. येताना सोताची पाटी आन म्हनावं. आनि पयले चार दिस माज्याजवळ बसंल. अंगठा तिचा आनि तोंड माजं."

मी पुतळाकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते.

"लिव्ह," ती म्हणाली.