देशी नाव

"स्पिरिट म्हणे! दारूच ती. माझ्या लोणच्याच्या बरण्या, त्यांत दारू, आणि दारूत लांबडी." सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. आम्ही दोघी एकाच सुपात तांदूळ निवडत होतो. भाऊजी चार हातांवर ओटीवर बसलेले, पण त्यांना ऐकवण्याची सासूबाईंची छाती नव्हती. शेंडेफळ ना!

मी या घरात आले तेव्हा गुरुदत्तभाऊजी जन्मलेही नव्हते. त्यांचं पहिलं अंगडं मी शिवलं, आणि पुढे त्यांच्याच पाटीवरून चोरून अक्षरं उचलली. सन अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या कॉलेजला सुटी लागली आणि मुंबईच्या एका अजबखान्यात त्यांना दोन महिन्यांची उमेदवारी मिळाली. ठाण्याच्या खाडीकाठची लांबडी जमवायची, स्पिरिटात घालायची, चिठ्ठी चिकटवून आगगाडीनं पाठवायची. बारा बरण्या बिनचूक झाल्या तर कायमची जागा देतो, असं तिथला साहेब म्हणाला होता. चिठ्ठीवर एक रकाना ‘देशी नाव’ असा. भाऊजींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझं.

पण नाव सांगणार कोण? आमच्याकडे त्या जनावराचं नाव घेत नाहीत; दिवेलागणीला घेतलं तर ते घरात येतं म्हणतात. लांबडं म्हणायचं. चावलं तर ‘पान लागलं’ म्हणायचं. कोपरीच्या मिठागरातला काळुराम मडक्यात जनावर घालून आणून द्यायचा, पण नाव विचारलं की आभाळाकडे बघायचा. अकरा चिठ्ठ्या भाऊजींनी पुस्तकात बघूनच सांगितल्या.

बारावं मडकं त्या दिवशी चारच्या सुमारास आलं.

"भाव, हात नका घालू," काळुराम म्हणाला.

भाऊजींनी फडकं जरा सरकवून आत पाहिलं. "काळं अंग, पांढरे पट्टे. कवड्या आहे रे. गरीब जनावर, विष नाही त्याला. घाबरलास होय?"

"मी काय बोललू नाय," काळुराम म्हणाला आणि दोन पावलं मागे झाला.

भाऊजींनी चिमटा घातला. जनावर सुटलं. त्यांनी ते हातानंच धरलं, बरणीत कोंबलं, झाकण दाबलं. मधे फक्त "हत्" म्हणाले आणि अंगठा धोतराला पुसला.

काळुरामनं माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे. सासूबाईंनी देवघराकडे.

"काय झालं?" मी विचारलं.

"खरचटलं. दुखतसुद्धा नाही. लिहा वहिनी, कवड्या."

"मडक्याची कड लागली असेल," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या आणि हळद आणायला आत गेल्या. काळुराम भरतीची वेळ झाली म्हणून उठला. मी लिहिलं: कवड्या.

सहाला भाऊजींनी पोटात कळ येते म्हणून लिंबाचं सरबत मागितलं. दोन घोट घेतले आणि पेला ठेवून दिला. गिळवत नाही म्हणाले. ‘घसा बसलाय उन्हानं,’ सासूबाई म्हणाल्या. मी ‘हो’ म्हटलं. मग त्या वळल्यावर भाऊजींचं भिंग उचललं आणि बरणी खिडकीत नेली.

हे मला भाऊजींनीच शिकवलं होतं. कवड्यासारखंच दिसणारं एक दुसरं आहे. ते चावलेलं कळत नाही, आणि मग डोळ्यांवर झोप येते ती उतरत नाही. ओळखायचं पाठीवरून. कण्यावर मोठ्या, सहाकोनी खवल्यांची सरळ ओळ असेल तर ते दुसरं. मी एकदा पाहिलं, भिंग पदरानं पुसलं, पुन्हा पाहिलं. सहा कोन. तिथेही सहा. खालीही सहा.

एवढी शिकलेली मी, पण ते नाव माझ्याही तोंडून निघेना. घरातली कर्ती मंडळी कचेरीच्या कामानं कल्याणला. मी मागच्या दारानं बाहेर पडले, काळुरामला बोलावणं धाडावं म्हणून, आणि घराला वळसा घातला, तर तो पुढे ओटीखालीच उकिडवा बसलेला. भरतीला गेलाच नव्हता.

"काळुराम, मडक्यात काय होतं?"

"जनावर."

"कोणतं?"

"बाय, दिवेलागन झाली."

"तुझ्या पाया पडते. नाव सांग. सरकारी दवाखान्यात न्यायचं तर डॉक्टर पहिलं तेच विचारेल."

त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. डोळे भरले होते त्याचे. "भाव शिकलेलं हाईत. त्याही सांगलाय ना, कवड्या?"

"कवड्याच आहे, वहिनी." भाऊजींचा आवाज ओटीवरून आला, जाड, तोंडात घास असल्यासारखा. मी धावले. ते भिंतीला टेकून बसले होते. "साहेबाला कळलं… हातानं धरलं… तर जागा जाईल. आणि दिवा का नाही लावलात अजून?"

दिवा लागलेला होता. सासूबाई तो घेऊनच दारात उभ्या होत्या.

भाऊजींनी दोन बोटांनी आपली उजवी पापणी वर उचलली, माझा चेहरा शोधला आणि हसले. बोटं काढली तशी पापणी पडली.

मी चिठ्ठी हातात घट्ट धरून उभी. काळुराम पायरीशी.

आजवर दिवेलागणीला सुंभाच्या दोरीलाही हात लावू न देणाऱ्या सासूबाईंनी दिवा खाली जमिनीवर ठेवला.

"मण्यार," त्या म्हणाल्या. मग ओरडल्या, आळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "साप चावलाय माझ्या गुरूला! मण्यार चावलीय, मण्यार! काळुराम, उठ, टांगा आण!"