रिकामी खुर्ची, उलट्या बाजूने

पावती.
वस्तू: बायकी कोट, करडा, एक.
डाग: दिसत नाहीत.
ग्राहकाचं नाव:

धुण्याआधी खिसे तपासायचे. एकतीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवतोय, यात माझी कधी चूक नाही. लोकांच्या खिशांतून काय काय निघतं! कवळी, प्रेमपत्रं, एकदा चक्क जिवंत गोगलगाय. पण आमच्या हिच्या कोटाचे खिसे मी तीन वर्षं तपासले नव्हते. ही गेली त्या हिवाळ्यापासून तो कोट दुकानातच होता, न्यायला न आलेल्या कपड्यांच्या रांगेत. मध्यंतरी कधीतरी काढला आणि आतल्या खिशात चिठ्ठी सापडली. कुणा चित्रकार बाईंचा पत्ता, आणि खाली हिचं अक्षर: तिसरी बैठक, बुधवार, चार वाजता.

बुधवारी चार वाजता ही बहिणीकडे जायची.

म्हणजे, मला तसं सांगायची.

पत्त्यावर गेलो. तिसरा मजला, दारावर पाटी नाही. दार उघडणाऱ्या बाई पन्नाशीच्या. अंगातल्या ॲप्रनवर जवस तेल, कॉफी, कसलीशी शाई. डाग आधी दिसतात मला, माणूस मागाहून.

"तुम्ही लाँड्रीवाले," त्या म्हणाल्या. मी हिचं नाव नुकतंच उच्चारलं होतं.

"ड्रायक्लीनर."

"तेच ते."

"तेच नाही."

"तीही हेच सांगायची. 'लाँड्रीवाला म्हटलेलं खपत नाही हं त्यांना.' या आत. फार उशीर केलात."

ही वारली हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. त्या स्टुलावर बसल्या, मग उठल्या, मग चहा टाकायचा म्हणून पातेलं घेतलं आणि रिकामंच ठेवून दिलं.

"दोनदा बसली माझ्यासमोर. मरून स्वेटर घालून. तुमच्या दुकानात लावायचं होतं तिला ते चित्र. म्हणायची, तिथे हजार माणसांचे कपडे आहेत आणि माणूस एकही नाही. चेहरा पुरा झाला होता हो. तिसऱ्या बुधवारी आलीच नाही. फोन नंबर दिला नव्हता, तुम्हाला कळेल म्हणून. दीड वर्ष वाट पाहिली. मग वाटलं, नाद सोडला असेल."

"चित्र कुठंय?"

त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलेला एक कॅनव्हास फिरवला. निळसर करडी भिंत, खिडकीतला उजेड, लाकडी खुर्ची. रिकामी.

"तिला पुसून खुर्ची काढलीत?"

"पुसायला मी काय फळा लिहिते? कॅनव्हास महाग, म्हणून वरून रंगवलं. खाली आहे की ती. तशीच बसलेली."

विकायलाच ठेवलंय म्हणाल्या. सांगितली ती किंमत मी दिली. आयुष्यभर लोकांची घासाघीस ऐकलेला माणूस मी, त्या दिवशी नोटा मोजून दिल्या. जुन्या चादरीत चित्र गुंडाळताना बाई सांगत होत्या:

"तेलरंग जुना होत जातो तसा पारदर्शक होतो. ती आपणहून वर येईल. आधी खांदा, मग गाल. पंधरा-वीस वर्षं धरा."

"मी सदुसष्ट वर्षांचा आहे."

"मग रोज बघत जा. हात लावू नका. मी कॅनव्हासला खळ फार पातळ देते, खालचा रंग कापडात मुरलाय. वरचा मी सुरीने लिंपलाय, जाडच्या जाड."

कापडात मुरलेलं म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी टकटक करू लागलं. ते तर माझं खातं.

पावती.
वस्तू: चित्र, एक.
डाग: खुर्ची.

लेक दर रविवारी येते. चित्र बघून म्हणाली, "बाबा, घरात सहा खुर्च्या आहेत. सातवी विकत आणलीत, तीही बसता न येणारी?"

सगळं सांगितलं. मग तिने सहातली एक ओढली आणि चित्रासमोर बसली ती जेवणाच्या वेळेपर्यंत उठली नाही.

फोटो आहेत हिचे, नाहीत असं नाही. पण प्रत्येकात ही कुणाच्या तरी मागे, कुणाला तरी पुढे ढकलताना. एकटीचा फोटो ओळखपत्रावरचा, त्यात डोळे मिटलेले. आम्हा दोघांनाही तिचा चेहरा आठवतो, पण अलीकडे मला तो आठवताना आधी स्वेटर आठवावा लागतो.

चौथ्या रविवारी लेक ओरडली, "खांदा!"

खुर्चीच्या पाठीवर, तिरप्या उजेडात, किंचित गोलवा.

"रंग सुकताना बसतो असा."

"खांदा आहे, बाबा."

त्यानंतर मला तो रोज दिसू लागला. त्या खोलीत मी शर्ट बदलेनासा झालो. दुकानातून येऊन कुलूप काढलं की वाटे, आत आत्ताच कुणीतरी बोलायचं थांबलंय. स्वयंपाकघरात भांडं पडलं तर मी आधी चित्राकडे बघायचो, म्हणजे पडलं कशाने हे तिला विचारावं तसा. एकदा चहाचे दोन कप केले. दुसराही मीच प्यायलो, उभ्याने, तिच्याकडे पाठ न करता.

"वरचा थर काढता येईल," मी लेकीला म्हणालो.

"अजिबात नाही. त्या बाईंनी सांगितलंय ना? थांबू या."

"तुला काय, तू थांबशील."

"हो, थांबेन. तुम्ही नसलात तरी मी असेन की. आई दिसली की सांगेन तुम्हाला."

"कुठल्या पत्त्यावर?"

ती हसली नाही. म्हणाली, "शपथ घ्या, हात लावणार नाही."

घेतली. ओढूनताणून घेतलेली शपथ ती, पण घेतली.

पावती.
शेरा: ग्राहकाला कळवू नये.

मंगळवारी दुकान बंद असतं. भरदुपारी, खिडक्या उघड्या टाकून, चित्राच्या चौकटीवर दुमडलेल्या कडेला आधी थेंबभर डागाचं औषध लावून पाहिलं. नवा कपडा आला की शिवणीच्या आत, न दिसणाऱ्या जागी चाचणी घ्यायची, हा नियम. वरचा करडा रंग सुटला, खालचा पिवळा जागेवर राहिला. शितावरून भाताची परीक्षा झाली. कडेला हिला रंगवलेलंच नव्हतं, तिथे नुसती पिवळी भिंत होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढे मी विचार केलाच नाही. हातांनी केलं. आमच्या धंद्यात डाग उलट्या बाजूने काढतात. समोरून घासला तर आत शिरतो, म्हणून कपडा पालथा घालायचा, खाली स्वच्छ फडकं, आणि मागून औषध टिपत डाग आला तिकडेच परत ढकलायचा. एकतीस वर्षांत हजारो शर्ट मी असे वाचवले. टेबलावर पांढरी चादर अंथरली. चित्रातली खुर्ची पालथी घातली. कापसाच्या बोळ्याने मागून टिपू लागलो.

पहिले बोळे करडे. खळ असेल.

मग तीन बोळे फिकट, गव्हाळ, थोडे तांबूस. मळ निघतोय म्हणून मला बरं वाटलं. बादलीत टाकले.

मग मरून.

मी बोळा हातात धरून उभा. रिकाम्या खुर्चीच्या चित्रात मरून कुठेच नाही.

शर्टावर चहा सांडतो तेव्हा आधी शर्ट असतो, मग चहा. इथे दोन्ही थर चहाच होते. आणि मागून गेलं तर पहिली हीच लागणार होती. हे पोरालाही कळलं असतं. कळलं नाही ते फक्त डाग काढणाऱ्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी हात लावून करून घेतलं.

चित्र सुलटं केलं. खुर्ची जशीच्या तशी, जाडच्या जाड. बैठकीपाशी किंचित सुरकुती, बस्स. खाली आता कुणी नव्हतं.

बादलीतून ते तीन बोळे बाहेर काढले. घट्ट पिळलेले होते. मीच पिळले होते, सवयीने.

रविवार.

चित्र परत भिंतीवर होतं. लेक आली, चप्पल काढायच्या आधीच समोर जाऊन उभी राहिली. मी सांगणार होतो. सकाळपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं: हे बघ, माझ्याकडून एक चूक झाली.

"बाबा!"

"हे बघ..."

"अहो तुम्हीच बघा! एका आठवड्यात केवढी वर आली! हा गाल ना? आणि हा कान."

मी तिच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. लाकूड, भिंत, उजेड.

"दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय," मी म्हणालो.

तिने खुर्ची ओढली, बसली, पुढे वाकली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी खणखणीत, लहानपणी अक्षरं जुळवून वाचायची तसा.

"हसत नाहीये. मला वाटलं होतं हसत असेल. डोळे उघडे आहेत, बाबा, फोटोतल्यासारखे मिटलेले नाहीत. तिने मान वळवलीये."

"कुणीकडे?"

"तुमच्याकडे."

मी पलंगापाशी उभा होतो. तिथून निघालो, खोली ओलांडली आणि खिडकीच्या कडेला, पडद्याला टेकून उभा राहिलो.

"आता?"

लेकीने चित्राकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे, मग पुन्हा चित्राकडे.

"आताही, बाबा."