चाखून पाहिलेले पाणी

मित्रांनो, माझ्या बुडाला भोक आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवणार नाही. मी ॲल्युमिनियमचा एक जुना टोप आहे. एके काळी माझ्या पोटात साठ लिटर मावत असे. आता माती मावते आणि मिरचीचे एक झाड.

माझा जन्म कारखान्यात झाला, यंत्राच्या एका दाबात. सपाट पत्रा आत गेला आणि मी बाहेर आलो. दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही दुखले. मला दोन कान ठोकून बसवले, कागदात गुंडाळले आणि एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाठवून दिले. तिथे रोज तीनशे मुले जेवत असत.

तिथल्या मुख्य स्वयंपाकिणीला सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणेन. मावशींनी कधी वजनकाट्याला हात लावला नाही. मीठ मुठीने टाकायचे, डावाने ढवळायचे, मग डावातला एक थेंब तळहातावर घ्यायचा आणि जिभेला लावायचा. डोळे मिटून त्या क्षणभर थांबत. "बसलं," असे म्हणाल्या की झाकण पडे. "एक चिमूट हवं," म्हणाल्या की खरोखर एक चिमूटच हवे असे. कुठल्या मुलाने ताट टाकले आणि कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतले, याची चर्चा त्या स्वयंपाकघरात फार होई, आणि दुसऱ्यांदा घेणारेच नेहमी जास्त असत. पाहुणे येत, जेवत आणि मावशींची स्तुती करत. माझी स्तुती कुणी केली नाही, पण मला घासून उन्हात पालथे घालत. ते पुरेसे होते.

बारा वर्षे मी शेगडीवर होतो. पहिल्या वर्षी धग चांगली कळायची. मग बूड काळे झाले, त्यावर थर चढले आणि कळेनाशी झाली. मला वाटले, आपण आता मुरलो. खरे तर मी झिजत होतो. एका सकाळी माझ्यातला रस्सा ठिबकून खालची ज्योत विझली, तेव्हा ते सगळ्यांच्या लक्षात आले. मला भंगारात काढले. मावशींनी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून मला उचलले आणि घरी नेले. इथे मला आनंद झाला असे लिहायला हवे, पण मला तेव्हा काही वाटले नाही.

मावशींच्या गच्चीत मी सहा वर्षे पालथा पडून होतो. कपडे वाळत घालायची दोरी उंच होती, म्हणून माझ्यावर पाय देऊन उभे राहत. एका बाजूला मला पोचा आला. पाऊस पडे, ऊन पडे, पाय पडत. दिवस असेच गेले.

मग मावशी आजारी पडल्या. मोठा ताप होता. तो उतरल्यावर त्या गच्चीत येऊन बसू लागल्या, तेव्हा त्यांचे गाल बसलेले होते. एकवीस वर्षांत न घेतलेली रजा साठली होती, ती त्यांनी एकदम घेतली. आजारपणातली विश्रांती, असे घरात सगळ्यांना वाटले. पण त्या फोनवर बोलायला मुद्दाम वर येत आणि जिन्याचे दार लावून घेत, त्यामुळे खरे काय ते मला कळले.

"डॉक्टर, अजून काहीच कळत नाही," त्या म्हणाल्या. "मीठ नाही, साखर नाही. चहा प्यायला काय आणि गरम पाणी प्यायलं काय."

पलीकडून डॉक्टर काहीतरी म्हणाले. मावशींनी मान हलवली, जणू डॉक्टरांना ती दिसणारच होती.

"म्हणजे परत येईलही आणि येणारही नाही. बरं."

त्यांनी बाजारातल्या मिरच्या आणून कचाकचा चावून पाहिल्या. एक, दोन, चार. काहीच लागले नाही. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की हल्ली बाजारातली मिरची म्हणजे नुसते गवत. तीनशे मुलांचे मीठ बघणाऱ्या बाईची जीभ मेली, हे मनात आणणेसुद्धा त्यांना नको होते. घरात तर त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

घरात होते कोण? मावशींचा नवरा ट्रक चालवतो आणि आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर असतो. उरली त्यांची नणंद. तिने वीस वर्षे रोपवाटिकेत काम केले, आणि गुडघे गेल्यावर ती भावाकडे राहायला आली. तिच्या जिभेला हाड नाही. ट्रकच्या चाकांपासून आमटीच्या फोडणीपर्यंत तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, आणि दिसली की ती तोंडावर सांगते. मावशी तिला अहो-जाहो करतात आणि वन्सं म्हणतात.

"वन्सं, तुमच्याकडे जहाल मिरचीचं बी आहे का?" मावशींनी एकदा विचारले.

"आहे की. लवंगेएवढी असते, आभाळाकडे तोंड करून वाढते. रोपवाटिकेच्या मालकाला एक खायला घातली होती, तेव्हापासून तो मला टरकून असायचा. तुला कशाला?"

"लावते. वेळ जात नाही."

खरे कारण त्यांनी मला सांगितले, म्हणजे मला उलटा करून सुलटा करताना त्या स्वतःशी पुटपुटल्या. "ही लागली तर कामावर जाईन. नाही लागली तर राजीनामा देईन." त्यात रडणे नव्हते की राग नव्हता. भाजी निवडताना बोलावे तसे त्या बोलल्या.

वन्संच्या सूचना खालून येत. गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नसत, पण त्यांचा आवाज चढे. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजले. मग चहाच्या जुन्या कपांत पेरले गेले. रोज सकाळी मावशी वाकून बघत आणि खाली जाऊन सांगत, अजून काही नाही. "पी हळद नि हो गोरी, असं नसतं ते!" वन्सं ओरडत. बाराव्या दिवशी पाच कोंब वर आले. सहा-सहा पाने झाल्यावर त्यांची पाठवणी माझ्यात झाली. माझ्या भोकावर फुटक्या कुंडीचा तुकडा ठेवला, वर माती, कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू. ज्या भोकामुळे मला स्वयंपाकघरातून काढले, त्याच भोकामुळे पाणी साचत नव्हते. हे कळल्यावर मला अभिमान वाटायला हवा होता. थोडासा वाटला असावा.

दिवसातले सहा तास ऊन, बोट मातीत दोन पेरे खुपसून कोरडे लागले तरच पाणी, आणि पहिली फुले खुडून टाकायची, म्हणजे झाड आधी अंग धरते. मावशींनी सगळे नेमाने केले. फुले खुडताना मात्र त्यांचा हात दोनदा मागे आला.

चूक झाली ती निराळ्याच जागी. भाज्या उकडलेले पाणी थंड करून झाडाला घातले तर चांगले, असे वन्संनीच सांगितले होते, आणि लगेच बजावले होते, की त्यात मीठ नको. मावशी जेवणासाठी बटाटे उकडत. उकडताना त्यांची मूठ मिठाच्या डब्यात आपोआप जाई. एकवीस वर्षांचे ते वळण होते आणि हाताला त्याची आठवण ठेवावी लागत नव्हती. बरे, मावशी निष्काळजी नव्हत्या. पातेले घेऊन त्या वर येत आणि ओतण्याआधी एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावत. डोळे मिटून थांबत.

"अळणी आहे," असे म्हणत आणि माझ्यात ओतत.

असे आठ दिवस चालले. मी खारट पाणी पीत होतो. मला ओरडता येत नाही. आलेही असते तरी ओरडलो असतो की नाही, सांगता येत नाही, कारण इतक्या वर्षांनी मला मीठ काय आणि पाणी काय. रोपांना मात्र कळले. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. भर सकाळी त्यांनी माना टाकल्या. माझ्या काठावर पांढरी पूड दिसू लागली.

नवव्या दिवशी मावशी खाली जाऊन काय बोलल्या कोण जाणे, वन्सं कठड्याला धरून एकेक पायरी वर आल्या. त्यांनी आधी पानांकडे पाहिले, मग माझ्या काठाकडे. पूड बोटावर घेऊन जिभेला लावली आणि थुंकल्या.

"अगं वहिनी, मीठ आहे हे! झाडं लावलीस की लोणचं घातलंस?"

"मीठ कसं असेल? रोज चाखून बघितलंय मी."

बाजूला त्या दिवशीचे पातेले होते. वन्संनी त्यात बोट बुडवले आणि चाटले. मग त्यांनी ते पातेले मावशींच्या पुढे केले. मावशींनी थेंब घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले.

"अळणीच आहे," त्या म्हणाल्या. पण या वेळी आवाज हळू होता.

वन्संनी पातेले खाली ठेवले. त्या पालथ्या बादलीवर बसल्या.

"कधीपासून?"

"तापापासून."

"आणि मी रोज तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होते. आज खारट, उद्या अळणी. बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? वाईट वाटलं पाहिजे ना आधी. तेसुद्धा वाटेना. आत सगळं थंड झालंय बघा."

मग मावशींनी मिरचीचे आणि राजीनाम्याचेही सांगितले. वन्संनी ऐकून घेतले आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. "पाणी आण. साधं. दहा बादल्या." दोघींनी मिळून माझ्यात बादलीमागून बादली ओतली. भोकातून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी वाहत राहिले, आणि सगळी गच्ची ओली झाली. वन्संनी प्रत्येक दोन बादल्यांनंतर खालून निघालेले पाणी चाखले. दहाव्या बादलीला त्या म्हणाल्या, "आता अळणी." पाचांपैकी चार रोपे मेली. एक राहिले.

त्यानंतर वन्सं रोज वर येऊ लागल्या. गुडघ्यांची तक्रार चालू असे, पण येत. झाडाला नवा शेंडा फुटला, पाने आकसू लागली तेव्हा कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारले गेले. फुले आल्यावर वन्सं सकाळी त्यांना टिचकी मारत, म्हणजे परागकण झडून फळ धरते. खत जास्त घालू दिले नाही. "माया जास्त झाली की नुसती पानंच येतात," असे त्यांचे म्हणणे. मधून वसतिगृहाच्या व्यवस्थापकाचा फोन येई. मावशी म्हणत, अजून अशक्तपणा आहे.

मिरच्या लागल्या. आधी हिरव्या, मग काळपट, आणि एके दिवशी दोन लाल झाल्या. मावशींनी कात्रीने देठासकट कापल्या. दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या.

मावशींनी एक मिरची अख्खी तोंडात टाकली आणि चावू लागल्या. वन्सं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मीही बघत होतो. मावशी चावत राहिल्या, जशी काकडी चावावी. गिळली.

"लागली?"

"नाही."

वन्संनी दुसरी मिरची उचलली आणि अर्धी तोडली. पुढे जे झाले ते मी जवळून पाहिले. त्यांचे कान लाल झाले, नाक वाहू लागले आणि कपाळावर घाम आला. तरी त्या तोंड मिटून बसल्या होत्या.

"पोचट निघाली गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "बी जुनं... होतं. तिखट नाहीच... मुळी."

"वन्सं, डोळ्यांतून पाणी येतंय तुमच्या."

"ऊन आहे."

"ऊन तुमच्या पाठीला आहे."

वन्संना उचकी लागली. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. जन्मभर ज्या बाईने कुणाला खरे सांगायचे सोडले नाही, ती त्यांच्यासाठी खोटे बोलत होती, आणि तेही तोंडात आग घेऊन. मावशींचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. ताप आल्यापासून त्या पहिल्यांदा रडल्या. मग खाली धावत गेल्या आणि वन्संसाठी साखर घेऊन आल्या.

वन्संचे तोंड अजून उघडेच होते, तेव्हा मावशींनी व्यवस्थापकाला फोन लावला.

"साहेब, अशक्तपणा नव्हता. माझी जीभ गेली. चव कळत नाही, आता तिखटही कळत नाही. मी राजीनामा देते."

तेवढ्यात वन्संनी फोन ओढून घेतला.

"हात शाबूत आहेत तिचे! चव... हा... हाऽऽ... चव मी बघेन!"

"आपण कोण?"

"नणंद तिची. चुका काढायची वीस वर्षांची सवय आहे मला."

आता दोघी सकाळी बरोबर वसतिगृहात कामाला निघतात. मावशी अजूनही थेंब आधी स्वतःच्याच तळहातावर घेतात, डोळे मिटून थांबतात, आणि मग डाव वन्संच्या पुढे करतात, असे दोघी रोज संध्याकाळी पाणी घालताना बोलतात, तेव्हा मला कळते. जीभ परत आलेली नाही. येईल, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, मिरची लावायची असेल तर ऊन, निचरा आणि बेताचे पाणी सांभाळा. हे वन्संचे शिकवणे आहे. मला एवढेच सांगायचे आहे, की ज्याला मिरची लागते तो ओरडतो, आणि त्याच्याकडे सगळे साखर घेऊन धावतात. ज्याला लागेनाशी होते, तो गुपचूप चावत बसतो आणि सगळे ठीक आहे असे आपल्याला वाटते. तुमच्या घरात असे कुणी असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याच्या ताटातला एक घास चाखून बघा.