सातव्या पाठातलं शहर

इतिहासाच्या बाईंनी त्या शहराला एकोणतीस वेळा वेढा घातला होता आणि एकोणतीस वेळा तो उठवला होता. नववीचा सातवा पाठ. सहामाहीच्या आधीच्या आठवड्यात तो यायचा. बाई पुस्तकात न बघता फळ्यावर तटबंदी काढायच्या. पश्चिमेला समुद्र, त्या बाजूला पाणदरवाजा, पूर्वेला शत्रूच्या छावण्या. गावकऱ्यांनी एका पहाटे पाणदरवाजा उघडून धान्याच्या होड्या आत घेतल्या, हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा आणि मागच्या बाकावरची मुलंही तेवढ्यापुरती गप्प बसायची. ते शहर आपण कधी डोळ्यांनी बघू, असं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

जहाजाची सहल त्यांच्या मोठ्या भावाने ठरवली होती, स्वतःची आणि बायकोची. निघायला चार महिने असताना तो गेला. वहिनी जन्मभर इस्पितळात नोकरी केलेली, निवृत्त झाली तेव्हा अख्ख्या वॉर्डची मुख्य परिचारिका. तिने सगळं निगुतीने पार पाडलं, आल्यागेल्याला चहा दिला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. महिन्याभराने नणंदेला म्हणाली, "वन्सं, त्यांची जागा रिकामी आहे. तुम्ही चला."

बाई तयार झाल्या त्या सहलीच्या पत्रकात सहाव्या दिवसापुढे त्या शहराचं नाव दिसलं म्हणून. हे त्यांनी वहिनीला सांगितलं नाही.

मुक्काम फक्त पाच तासांचा होता. जहाज बाहेर नांगर टाकणार, लाँच साडेआठला किनाऱ्यावर सोडणार, परतीची शेवटची लाँच दीड वाजता. बाईंनी आदल्या संध्याकाळीच वेळापत्रक आखलं. पाणदरवाजा वीस मिनिटं, पाण्याचं टाकं पंधरा, सभागृह, घंटाघर, तट चाळीस.

वहिनीने तो कागद चष्मा वर करून वाचला. "यात बसायचं कुठे लिहिलंय?"

"बसायला आठ दिवस आहेत की जहाजावर."

"वन्सं, ही सहल आहे की शाळातपासणी?"

सकाळी लाँचमधून उतरून दोघी इतरांच्या मागोमाग चालू लागल्या. पाणदरवाजा पन्नास पावलांवर होता. फळ्यावर काढायच्या त्याहून बराच ठेंगणा, कमानीचे दगड लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेले. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं. त्यांची स्वतःची सावली लांबच्या लांब त्यांच्यापुढे, दरवाजातून आत गेली होती. सकाळचे नऊ. ऊन पाठीवर, पाठीशी समुद्र.

"काय झालं? चक्कर येतेय का?" वहिनीने सवयीने त्यांचं मनगट धरलं.

"समुद्र पूर्वेला आहे."

"बरं मग?"

"पुस्तकात पश्चिमेला होता. नकाशा उलटा छापलाय. एकोणतीस वर्षं मी उलटं शिकवलं."

वहिनीने दरवाजाकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. "मुलं पास झाली ना?"

"झाली."

"मग चला. वीस मिनिटं संपली."

बाईंना हसू आलं नाही. खलाशाची एक मुलगी होती वर्गात. तिने नकाशात समुद्र उजवीकडे काढला होता आणि बाबांनी असाच सांगितला म्हणून अडून बसली होती. बाईंनी तिचे दोन गुण कापले होते. मुलीचा चेहरा आठवेना, लाल शाईची फुली तेवढी आठवली.

पुढचं सगळं वेळापत्रकाबरहुकूम झालं. टाकं पाहिलं, सभागृह पाहिलं, घंटाघर पाहिलं. जिथे तिथे लोकांच्या पाठी दिसत होत्या आणि पाठींच्या वर थोडा इतिहास. साडेअकराला दोघी कारंज्याच्या चौकात आल्या. तिथून तटावर दोनशे बारा पायऱ्या चढून जायचं होतं. वहिनीचा चेहरा उतरला होता.

"तुम्ही जाऊन या. मी या फुलवालीपाशी बसते," ती म्हणाली. "आणि धावत उतरू नका. पाय घसरला तर सुट्टीतही मलाच बँडेज बांधावं लागेल."

बाई वर गेल्या. तटावरून शहर आणि समुद्र दोन्ही दिसले, दोन्ही उलटे. चाळीस मिनिटांनी खाली आल्या तेव्हा कारंज्याच्या कठड्यावर वहिनी नव्हती. फुलांच्या टपरीवर फुलवालीही नव्हती, एक पुरुष बादल्यांत पाणी भरत होता.

"इथे एक बाई बसल्या होत्या. पांढरे केस, निळा स्वेटर."

"मी आत्ताच आलोय. मला कोणी दिसलं नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं.

वहिनीचा फोन जहाजावरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. बाईंनी आधी औषधांची दुकानं पालथी घातली, परिचारिका दुसरीकडे कुठे जाणार म्हणून. मग सभागृह, मग टाकं. एका गल्लीत निळा स्वेटर दिसला म्हणून त्या धावल्या, तर ती कोणी भलतीच निघाली. सव्वा वाजला. धक्क्यावर जावं असं एकदा मनात आलं, पण वहिनी कुठेतरी पायरीवर बसून वाट बघत असली तर? तिला परक्या गावात टाकून जायचं, हे बाईंच्या पायांना मानवेना. त्या पुन्हा कारंज्याकडे वळल्या. धक्क्यावर पोचल्या तेव्हा पावणेदोन झाले होते आणि शेवटची लाँच जहाजाच्या कुशीला लागली होती.

बंदर कचेरीतल्या कारकून बाईने कोणताही गवगवा न करता जहाजाला फोन लावला. पलीकडे बरीच शोधाशोध झाली. मग तिने फोन पुढे केला.

"वन्सं! कुठे आहात तुम्ही?"

"शहरात. तू?"

"मी खोलीत! मला गरगरलं म्हणून शेजारच्या खोलीतलं जोडपं घेऊन आलं. फुलवालीपाशी निरोप ठेवला होता हो! मी आपली समजत होते, तुम्ही वरती डेकवर उभ्या असाल, तट बघत. अहो, जहाज सुटतंय!"

"दिसतंय मला."

खिडकीतून खरंच दिसत होतं. जहाजाचं टोक हळूहळू वळत होतं. बाईंना भीती वाटायला हवी होती, पण आधी त्यांना वहिनीच्या गोळ्यांची आठवण झाली. "सकाळची रक्तदाबाची गोळी घेतलीस का?"

 पलीकडून एक आवाज आला, तो रडण्याचा आहे हे कळायला बाईंना एक क्षण लागला. वहिनी रडते कशी, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"सगळे मला सोडून जातात," वहिनी म्हणाली.

"अगं, मी कुठे गेले? गेलीस तू. मी इथेच उभी आहे."

त्यावर वहिनी रडता रडता हसली, की उलट, ते फोनवर नीट कळलं नाही.

कारकून बाईने सगळं समजावून सांगितलं. जहाज उद्या दुपारी पुढच्या बंदराला लागेल. सकाळी सातच्या बसने गेलं तर जहाजाच्या आधी पोचता येईल. तिच्या मावशीकडे एक खोली भाड्याने मिळते. बाईंनी मान डोलावली. आता त्यांच्याकडे सतरा तास होते आणि पाहायचं म्हणून काही उरलं नव्हतं.

जहाज गेलं तसं शहर रिकामं झालं. छत्र्या मिटल्या, दुकानदारांनी खुर्च्या बाहेर काढल्या. बाई कारंज्याच्या कठड्यावर बसून राहिल्या. चारच्या सुमारास फुलवाली परतली आणि त्यांना बघताच तिने कपाळावर हात मारला.

"तुम्हीच त्या नणंद ना? मी जेवायला गेले आणि नवऱ्याला सांगायचं साफ विसरले! निरोप आहे तुमच्यासाठी. मी जहाजावर जाते, काळजी करू नका."

"पोचला," बाई म्हणाल्या.

फुलवाली इतकी खजील झाली की शेवटी बाईंनीच तिची समजूत काढली. टपरी बंद करायच्या वेळी त्यांनी दोन बादल्या उचलल्या आणि तिच्या मागोमाग गेल्या. घर तटाच्या अंगातच होतं. स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे तट, चांगला दोन हात जाड, आणि त्यात कोणीतरी कधीकाळी फोडलेली खिडकी. खिडकीच्या खोलगट जागेत कांदे, चहाचा डबा आणि फोनचा चार्जर.

"या भिंतीमुळे गाव वाचलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वेढ्याची गोष्ट सांगायला घेतली. समुद्र या खेपेला पूर्वेला ठेवला. फुलवाली भांडी घासता घासता ऐकत होती.

"किती महिने म्हणालात?"

"अकरा."

"अकरा महिने आत कोंडलेले? मग बायका बाळंत कुठे होत होत्या? मेलेल्यांना पुरत कुठे होते?"

बाई थांबल्या. "पाठात ते नव्हतं."

"आणि तुम्ही विचारलं नाही कधी?"

"नाही," बाई म्हणाल्या. वर्गातही कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज लागलं तेव्हा बाई धक्क्यावर उभ्या होत्या. वहिनी पहिल्या दहा माणसांत उतरली. जवळ येऊन तिने आधी बाईंना नखशिखांत न्याहाळलं, मग दंडाला एक सणसणीत चिमटा काढला.

"परत असं केलंत तर बघा!"

"मी काय केलं?"

"मला ठाऊक नाही. पण करू नका."

या गावात त्यांना तीनच तास होते. उतरलेली मंडळी घाईघाईने बसकडे निघाली. त्या दोघी धक्क्याजवळच्या साध्याशा खानावळीत बसल्या आणि वहिनीने बाईंसमोर गोळी घेतली, दाखवून. जेवण आलं. बराच वेळ ती चमच्याने ताटलीतलं इकडचं तिकडे करत राहिली.

"त्या दिवशी मी यांना म्हटलं होतं, पाच मिनिटांत आले," ती म्हणाली. "इस्पितळातच, खालच्या मजल्यावर औषध आणायला गेले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या माणसांपाशी बसले मी. आणि माझ्याच..."

बाईंना भावाचं जाणं एका ओळीत माहीत होतं. वार, वेळ, कारण. चार महिन्यांत त्यांनी त्यापुढे काही विचारलं नव्हतं.

त्यांनी आपली ताटली बाजूला सारली.

"वर आलीस तेव्हा काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून सांग."

वहिनी सांगू लागली. बाहेर बस भरून निघून गेली. बाई मधे एकदाही बोलल्या नाहीत.