पाहुण्याचा सर्वनामांचा पेपर

माझा स्वभावच संशयी आहे आणि मला त्याची लाज नाही. माझी भाची पुष्पांजली, तिला पाहायला गोंदियाजवळच्या फुलचूरला पाहुणे आले, तेव्हा तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ खेमराज, हरखून गेला होता. मुलगा पीयूष, नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीचा मास्तर. सोबत त्याचा मामा. नोकरीवाल्यालाच पोरगी द्यायची, हा खेमराजचा हट्ट. माझी नजर मात्र पीयूषच्या बोटांवर. नखांत काळं वंगण होतं. खडूने बोटं पांढरी होतात, काळी कुठून होणार?

"कोणत्या वर्गाले शिकवता जी?" मी विचारलं.

"आठवीले," तो म्हणाला, पण आधी त्याने पुष्पांजलीकडे पाहिलं.

पाणी कुठंतरी मुरत होतं.

पुष्पांजली सडक अर्जुनीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिच्या कपाटावर आठवीचे कोरे पेपर पडले होते. इंग्रजी वाक्यांतल्या सर्वनामांखाली रेघ मारायची आणि प्रत्येकाचा प्रकार लिहायचा. त्यातला एक मी पेनासकट पाहुण्यापुढे ठेवला.

"बाई, हे काय करून राहिली?" खेमराज कुजबुजला.

"मास्तर आहेत ना? चुटकीचं काम."

पीयूषला घाम फुटला. तरी बिचाऱ्याने रेघा मारल्या, पुढे काहीबाही लिहिलं. पुष्पांजलीने पेपर तपासला आणि मान खाली घालून म्हणाली, "सगळे बरोबर आहेत, आत्या."

खेमराजचा जीव भांड्यात पडला. मी पेपर हातात घेतला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचते. पण नामाऐवजी येतं ते सर्वनाम, एवढं पाठ आहे. आणि स्टेशनवरची पाटी वाचून वाचून गोंदियाचं स्पेलिंगही. पठ्ठ्याने गोंदियाखालीच ठळक रेघ मारली होती!

आता मला पाहुण्याचा नाही, भाचीचा संशय आला. पोरांचा अर्धा मार्कही न सोडणारी ही, इथे डोळे मिटून पास करते? मी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"याले कवापासून ओळखतस?"

ती रडायलाच लागली. तिच्याच शाळेसमोर त्याचं टायरचं दुकान. मास्तर म्हणून आणायची युक्ती तिचीच. "बाबानं दुकानवाल्याले दारात उभं केलं नसतं, आत्या."

माझ्याही लग्नात नवऱ्याची नोकरी खोटीच सांगितली होती. तेव्हा ते साऱ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. इथे आमच्या घरात फक्त हिलाच ठाऊक. तरी खोट्यावर संसार उभा राहताना मला पाहवेना.

"तू सांगतस का मी सांगू?"

बाहेर खेमराज विचारत होता, "मंग बाई, पास ना?"

"नापास," डोळे पुसत पुष्पांजलीच बोलली. "हे मास्तर नाहीत, बाबा. टायरचं दुकान आहे. खोटं बोलायले मीच लावलं."

खेमराज ताडकन उठला. "माह्या घरात येऊन मलेच फसवता?"

पीयूष हात जोडून उभा राहिला. त्याचा मामा चपला शोधू लागला.

पुष्पांजली बापासमोरून हलली नाही. "फसवलं मी. पण तुमी सगळ्यायनं त्यायलेच इचारलं. नोकरी काय, शिक्षण काय. मले कोणी एक गोष्ट इचारली नाही. म्हणून मीच सांगून राहिली, बाबा. माझं हो आहे."

खेमराज माझ्याकडे पाहू लागला. मी मामाला म्हटलं, "चपला ठेवा जी. बसा."